बाबांचा मासा आणि दादाचा अबोला

माझ्या दादाइतका हेकट न्हावी शोधून सापडणार नाही. सापडलाच, तर तो त्याच दुकानात शेजारच्या खुर्चीमागे उभा असेल, कारण तो आमचा धाकटा. बाबांच्या मागे दोघांनी दुकान चालवलं, पण एकमेकांशी अबोला धरून. माझं शिवणाचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे हा तमाशा मला रोज बघावा लागायचा.

कारण काय, तर बाबांची दाढी. दवाखान्यात शेवटच्या सकाळी बाबांनी दाढी करून मागितली. दादाने ती एकट्यानेच केली, बाहेर बाकावर झोपलेल्या धाकट्याला उठवलं नाही. तो उठला तेव्हा बाबा गेले होते.

तेव्हापासून दादाला काही हवं असलं की तो खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "त्याला म्हणावं, बारीक कात्री दे." तोंडाला फेस लावलेला तो बापडा मान न हलवता निरोप पोचवायचा. पूर्वी दोघे भाऊ एकमेकांचे केस कापायचे. आता हे दोन कसलेले कारागीर चौकापलीकडच्या सलूनमध्ये जाऊन डोकी भादरून यायचे. लाज म्हणून काही असते की नाही?

आरशाखालच्या फळीवर काचेच्या टाकीत बाबांचा गोल्डफिश होता, सोन्या. एका सकाळी तो एका कुशीवर तरंगताना दिसला. पोट टम्म फुगलेलं. खाली जायला धडपडायचा आणि बुचासारखा पुन्हा वर यायचा. दादाने हातातलं गिऱ्हाईक अर्धवट सोडलं आणि थेट टाकीतले शोभेचे मासे विकणारा मासेवाला गाठला.

मासेवाला म्हणाला, "खाणं जास्त झालंय. थोडे दिवस काही घालू नका. मग वाटाणा उकडा, साल काढून कुस्करून एवढासा द्या."

"जास्त? मी सकाळी चिमूटभर घालतो फक्त!" दादा खवळला. पण ऐकलं त्याने. खाणं बंद केलं. बादलीत रात्रभर पाणी ठेवून सकाळी टाकीतलं थोडं थोडं बदलायचा. स्वतःला ताप आला तर गोळी न घेणारा हा माणूस काचेला नाक लावून बसू लागला.

"बाबांचं एवढंच राहिलंय गं," मला म्हणाला. "त्या आडदांडाला त्याचं काय? ढुंकून बघत नाही टाकीकडे."

सोन्या काही सुधारेना. शेवटी एका संध्याकाळी दादा मासेवाल्याशी भांडायलाच निघाला. तिथे मारामारी नको म्हणून मीही शिलाई टाकून मागोमाग गेले. मासेवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, कुणीतरी खाणं घालतंय त्याला."

दादा परतला तो तणतणतच. दुकानात पाऊल टाकतो तर काय, धाकटा टाकीवर वाकून चिमटीतलं खाणं टाकत होता. त्याच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर बसलेलं.

"मारतोयस त्याला, गाढवा!" दादा ओरडला.

इतक्या दिवसांनी भावाला म्हटलेला हा पहिला शब्द. गिऱ्हाइकाने सवयीने तोंड उघडलं, "ते म्हणतायत की..."

"तुम्ही गप्प बसा!" दोघे एकदमच ओरडले.

"मी नाही घालणार तर कोण घालणार? तू?" धाकट्याचा आवाज चिरकला. "रोज दुकान बंद करताना मीच घालतो म्हणून जगलाय तो!"

"मी घालतो रोज! दुकान उघडल्या उघडल्या!"

दोघे टाकीकडे बघत राहिले. मला त्या दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. बाबांची माया फक्त आपल्यालाच, या तोऱ्यात दोघांनी मिळून त्यांचा मासा मरायला टेकवला होता.

"तेव्हा मला उठवलं का नाहीस?" धाकट्याने विचारलं.

"अरे, तू रात्रभर जागला होतास. नुकताच डोळा लागला होता तुझा. बाबाच म्हणाले, झोपू दे त्याला."

"मग हे सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस का?"

माझा संयम सुटला. "एवढं एक वाक्य! यासाठी मी रोज तुमचे वाकडे चेहरे बघितले!" गिऱ्हाइकाची उरलेली दाढी तशीच राहिली, कारण मी त्याच्यादेखत दोघांची बिनपाण्याने केली.

मग मात्र सोन्याला खरोखर उपाशी ठेवलं. वाटाणा दादाने उकडला, साल धाकट्याने काढली, आणि बारीक कुस्करण्यावरून दोघे पुन्हा भांडले. सोन्याचं पोट उतरत गेलं. एका दुपारी तो सरळ खाली गेला आणि तळातले खडे हुंगू लागला.

दादाने ते पाहिलं. मग धाकट्याच्या खुर्चीत जाऊन बसला आणि मान मागे टाकली.

"कर. पण सांभाळून," तो घुश्शातच म्हणाला. "बाबांसारखीच माझ्याही हनुवटीला खळी आहे. तिथे वस्तरा हळू फिरवायचा."

धाकट्याने फेस लावला. खळीपाशी आल्यावर त्याचा हात मंदावला, आणि कितीतरी वेळ तो तिथेच हळूहळू वस्तरा फिरवत राहिला.