भाकरीवालीच्या अर्जाचा मालक कोण

अर्जदार: मी स्वतः. वय पन्नाशी ओलांडलेले, शिक्षण इयत्ता आठवी, व्यवसाय अर्जलेखन, बसण्याचे ठिकाण बेंगळुरूतील के. आर. पुरम येथील एका सरकारी कचेरीच्या कुंपणाबाहेर, पिंपळाखाली. प्रतिपक्ष: एक भाकरीवाली बाई, मूळची निपाणीकडची. साक्षीदार: माझ्या शेजारचा चहावाला. दिनांक नक्की स्मरत नाही, परंतु मंगळवार होता. नावे हेतुपुरस्सर दिलेली नाहीत. प्रकरण लहान मुलीचे आहे, आणि अशा प्रकरणात नाव उघड करू नये एवढा कायदा मलाही कळतो.

तक्रार अशी की, सदर बाई सर्वांना सांगत फिरते, "अर्ज माझा. अण्णांनी नुसता लिवला."

आता हकीकत. नवरा सोडून गेल्यावर ही बाई मुलीला घेऊन बेंगळुरूत आली व इमारतीच्या कामावर लागली. तेथे पडून तिचा पाय मोडला. ती इस्पितळात असताना मुलीकडे पाहणारे कोणी नव्हते, म्हणून मुलीला बालगृहात ठेवण्यात आले. तेथे तिची आबाळ झाली नाही, हेही नमूद करतो. पुढे पाय सांधला, बाईने भाड्याची खोली घेतली, भाकऱ्या विकू लागली, आणि मुलगी परत मागितली. बालगृहातील मुलांचा निर्णय करणारी समिती म्हणाली, अर्ज द्या. शुक्रवारी सुनावणी ठरली. म्हणून ती माझ्यासमोर येऊन बसली.

माझ्या अर्जांची ख्याती मी स्वतः सांगणे शोभत नाही, तरी वस्तुस्थिती म्हणून सांगतो. विधवेचे पेन्शन असो वा रेशनकार्ड, माझा अर्ज वाचून कारकुनाने बाईला बसायला खुर्ची दिल्याची उदाहरणे आहेत. माझी पद्धत ठरलेली होती. अर्जदाराला प्रथम विचारावे, "तुमच्याकडे काय काय नाही?" जे नाही ते ओळीने मांडावे, आणि अर्जदाराच्या नावाआधी तीन विशेषणे जोडावीत. अर्ज कन्नडात असतो. रडणे सर्व भाषांत सारखेच. त्याप्रमाणे मी "दीन, निराधार, असहाय" अशी सुरुवात करून पानभर मजकूर लिहिला. दोन वेळच्या अन्नाची भ्रांत, डोक्यावर छप्पर नाही, जगात कोणी वाली नाही. सहीपूर्वी अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा, हा माझा नियम. मी वाचू लागलो तसा चहावाला किटली हातात धरून उभाच राहिला.

बाईने शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, "अण्णा, ही बाई कोण?"

"तुम्हीच की."

"मी? असल्या बाईकडं मी माझी कोंबडी सांभाळायला देणार न्हाई. त्यांनी पोरगी कशी द्यायची?"

चहावाला एवढा हसला की किटलीतला चहा सांडला. "अक्काचा मुद्दा बरोबर आहे," तो म्हणाला.

"अर्ज असाच असतो. पद्धत आहे," मी म्हणालो.

"पद्धत तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. मला माझी पोरगी पायजे." तिने पेन खाली ठेवले व सही करण्यास साफ नकार दिला.

मी कागद बाजूला सारला. माझ्या व्यवसायात जो प्रश्न मी कधी कोणाला विचारला नव्हता, तो तेव्हा विचारला, "बरं, मग तुमच्याकडे काय काय आहे?"

बाई सावरून बसली. कोरमंगल्यात नोकरदार मुलांचे एक पीजी, म्हणजे पैसे भरून राहण्या-जेवण्याचे ठिकाण, आहे. तेथे विजापूर, बागलकोटकडची पोरे राहतात, ती हिच्या ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवत नाहीत. खोलीला आतून कडी आहे. सकाळी ही भाकऱ्या पोचवायला जाते तेव्हा खालच्या घरमालकीणबाई मुलीचे पाहतील. शाळा त्याच गल्लीत आहे. मी लिहीत गेलो. एकही विशेषण लागले नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वखुशीने तिच्याबरोबर बसने कोरमंगल्याला गेलो. पीजीच्या मॅनेजरला म्हटले, ही बाई कामाला कशी आहे ते लिहून द्या. तो म्हणाला, "साहेब, अक्का एक दिवस आली नाही तर पोरं माझीच भाकरी करतील." या वाक्याची भाषा मी तेवढी सभ्य केली व अर्जाला जोडले.

अर्जाचे पहिले वाक्य असे होते: "मी भाकरी करते, व माझ्या मुलीला पोटभर अन्न आणि शाळा देण्यास मी समर्थ आहे." समर्थ हा शब्द या हाताने अर्जदारासाठी प्रथमच लिहिला. बाईने सही केली, तीही रेघेवर सरळ.

सुनावणीला मी दाराबाहेर बाकावर बसलो होतो. दार अर्धे उघडे होते. समितीच्या बाईंनी पहिले वाक्य वाचले, पुन्हा वाचले. मग त्यांनी भाकरीची चौकशी केली, खोलीची केली. नंतर समितीचा एकजण येऊन खोली पाहून गेला, घरमालकीणबाईंशी बोलला. आणि एके दुपारी बालगृहाच्या फाटकातून ती मुलगी कपड्यांची पिशवी छातीशी धरून बाहेर आली. आईला पाहून तिने पहिला प्रश्न केला, "आई, पाय बरा झाला?"

"नाचून दाखवू काय?" बाई म्हणाली, आणि तेथेच तिला रडू कोसळले. अर्जातून जे रडणे मी वगळले होते ते असे फाटकापाशी झाले.

तेव्हापासून ही बाई माझ्याकडे बायका घेऊन येते. कोणी शिवणकाम करते, कोणी इडलीची गाडी लावू पाहते, कोणाची मुले अजून बालगृहात आहेत. दोघींना तिने स्वतःच्या चुलीपाशी कामाला घेतले आहे. मी सर्वांना तोच प्रश्न विचारतो. कुंपणालगतचे इतर लेखकही आता "समर्थ" लिहू लागले आहेत. त्यांनी तो कोठून उचलला हे जगजाहीर आहे. चहावाला टोमणा मारतो, "अण्णा, हल्ली तुमचे अर्ज स्वल्प कोरडे झाले." असू देत. त्यांतील काही अर्जांवर मुले घरी आली आहेत.

वाद तेवढा मिटत नाही. मी म्हणतो, शब्द माझे. ती म्हणते, "आणि भाकरी कुणाची?"

तरी सुज्ञ वाचकांस विनंती की, दोन्ही बाजू ध्यानी घेऊन सदर अर्जाचा मालक कोण, याचा न्याय करावा व उत्तर लेखी द्यावे. निकाल प्रतिपक्षाच्या बाजूने लागल्यास माझी हरकत नाही. प्रत थेट तिच्या खोलीवर पाठवावी. तिला वाचून दाखवायला माझी गरज नाही. घरात आता तिची मुलगी आहे.