आत न जाता घर पाहणारे

ती घटना मनात इतकी पक्की बसली आहे की आजही कोणतं घर पाहायला गेलो तर मी आधी आत जात नाही. ओट्यावर थांबतो आणि समोर कोण राहतं ते बघतो. ही सवय मला दोन संशयितांनी लावली. दोघेही साठी उलटलेले होते.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. मी दारव्ह्याच्या ठाण्यात नवा फौजदार होतो. वडील दुसऱ्याची बैलगाडी हाकायचे. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेला मी पहिला. अमरावतीला राहून बी.ए. झालो होतो आणि ही गोष्ट कुणापासून लपवत नव्हतो. आमचे जमादार मुरलेले गृहस्थ. ते मला 'कॉलेजवाले साहेब' म्हणायचे. त्यात थोडी टिंगल होती, ती मला कळायची, तरी कानाला गोड लागायचं.

त्या हिवाळ्यात गावात लागोपाठ घरफोड्या झाल्या. पद्धत एकच. मागच्या मातीच्या भिंतीला भोक पाडायचं आणि नेमकं कोठीच्या खोलीत निघायचं. भिंतीपलीकडे काय आहे हे चोराला आधी ठाऊक असायचं. म्हणजे कुणीतरी दिवसा टेहळणी करून जात होतं. गावाच्या कडेला एक पानठेलेवाला होता, तो आमचा खबऱ्या. त्याला मी डोळे उघडे ठेवायला सांगितलं होतं. बाजाराच्या दिवशी तो ठाण्यात आला.

"साहेब, दोन बुढे रिकामी घरं पाहून राह्यले."

"मग? घर पाहणं गुन्हा आहे का?"

"पाह्यनं नाही हो. पन आत जातच नाहीत ना! एक या ओट्यावर उभा राह्यते, दुसरा समोरच्या ओट्यावर. अन् मंग हातानं खुणा करते. तोंडातून शबद नाही. काल मालकानं कुलूप काढून देल्लं, दार उघडलं, तरी पाय नाही ठेवला आत. समोरच्या घरी कोन राह्यते, तेवढंच इचारलं अन् गेले."

जमादारांनी मिशीवरून हात फिरवला. "साहेब, बुढा चोर म्या पाह्यला नाही. पन चोराले खबर देणारे बुढे लय पाह्यले. पांढऱ्या केसावर कोन शंका घेते?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला दुसरीच गोष्ट खटकत होती. घर घेणारा माणूस आत जातोच. आढ्याकडे बघतो, भिंत ठोकतो, घरातली बाई असेल तर चुलीजवळ धूर कुठून जातो ते पाहते. चोराचा माणूस असला तरी त्यालाही आतलंच बघायचं असतं. हे दोघे आत न जाता काय पाहत होते? खरं सांगतो, घरफोड्यांपेक्षा हे कोडं मला जास्त छळायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दोघांना ठाण्यात आणलं. एक धोतर-सदऱ्यातला, उंच, डाव्या हाताची दोन बोटं अर्ध्यावर तुटलेली. त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. दुसरा ठेंगणा, मेंदी लावलेल्या दाढीचा, डोक्यावर पांढरी टोपी. त्याला चाचा. नियमाप्रमाणे दोघांना वेगळं बसवलं आणि आधी मिस्त्रीला आत घेतलं.

"त्या गल्लीत कशाला गेला होता?"

"बकरी पाहाले!" तो इतक्या जोरात बोलला की दाराबाहेरचा शिपाई दचकला.

"हळू बोल," जमादार म्हणाले. "बकरी काय ओट्यावर चढून पाह्यतेत?"

"आँ?"

"बकरी! ओट्यावर!"

"हो, ओट्यावर बांधेल होती."

मग चाचाला घेतलं. तोही तसाच ओरडून बोलायचा. "साहब, नातीसाठी लडका देखने गये थे. उस गली में एक अच्छा लडका है, ऐसा सुने."

"लडक्याचं नाव?"

"नाम... नाम तो अभी पूछना था साहब."

जमादार माझ्याकडे वळले. "एकानं बकरी सांगतली, दुसऱ्यानं नवरदेव. दोन्हीचे दात पाहाच लागते साहेब."

मला हसू आलं, ते दाबलं. कॉलेजात नाटकात काम केलं होतं, त्याचा पोलीस खात्यात तेवढाच उपयोग झाला.

नोकरीत मी एक गोष्ट शिकलो आहे. सराईत माणूस खोटं बोलताना साधं खोटं बोलतो आणि साथीदाराशी आधी जुळवून ठेवतो. यांचं काहीच जुळलेलं नव्हतं. पण दोघेही काहीतरी लपवत होते, यात शंका नव्हती. चाचाला मी स्पष्ट विचारलं, घरफोडीत तुमचा हात आहे का? तर तो उखडला. "इस उमर में दीवार फोडेंगे क्या? अपने घर का उंबरठा लांघना नही होता!"

मी दोघांना व्हरांड्यात दोन टोकांना बसवलं आणि खिडकीतून पाहत राहिलो. जमादार एकशे नऊ कलमाची तयारी करत होते. संशयास्पद स्थितीत फिरणाऱ्यांवर ते कलम लागतं. त्यात चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यावा लागतो. नाही दिला तर तुरुंग.

थोड्या वेळानं चाचानं अंगठा ओठाला लावला आणि मनगट फिरवलं. लगेच दुसऱ्या टोकाचा मिस्त्री शिपायावर गरजला, "अरे, त्याले पानी दे ना बाप्पा! तोंड सुकलं त्याचं."

माझ्या डोक्यात काहीतरी हललं. ठाण्यात ओरडणारे, गल्लीत मुके. ऐकू कमी येणारे. खुणांनी पाणी मागणारे. आणि अर्ध्यावर तुटलेली बोटं. दारव्ह्यात बोटं तुटायची एक जागा सगळ्यांना माहीत होती. मी सायकल काढली आणि कापसाच्या जिनिंग कारखान्यात, जिनात, गेलो.

कापसाचा हंगाम होता. फाटकात गाड्यांची रांग. आत रेच्यांचा असा धडधडाट की छातीची हाडं वाजावीत. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बोलून उपयोगच नव्हता. सगळा कारभार हातांनी चालला होता. एकानं अंगठा ओठाला लावून मनगट फिरवलं, दुसऱ्यानं पाण्याची कळशी सरकवली. मी तिथे रुईच्या धुळीत उभा राहून ते हात पाहिले. चोरांची सांकेतिक भाषा म्हणून मी जी ठाण्यात धरून आणली होती, ती इथे अख्खी पाळी बोलत होती.

फोरमन मला बाहेर घेऊन आला. बोटांचं सांगितल्याबरोबर त्यानं ओळखलं. "आमचेच मिस्त्री ते. अन् चाचा फिटर. एक या टोकाले, एक त्या टोकाले, अख्खी नोकरी अशीच काढली त्यायनं. ज्याले पट्टा चढवाचा तो आंधी पंजा वर करे. समोरच्यानं छातीवर हात ठेवला की मंगच पट्टा. म्हंजे, मी बाजूले हाओ, चालू कर."

"मग बोटं कशी गेली?"

"चाचा त्या रोजी सुट्टीवर होता, साहेब. त्या टोकाले दुसराच मानूस होता. मिस्त्रीचा हात रेच्यात असतानाच त्यानं न पाहता चालू केलं."

ओळख पटली. माणसं चोर नव्हती, हे मला कळलं. पण कोडं अर्धंच सुटलं होतं. प्रामाणिक म्हातारे बकरी आणि नवरदेव कशाला रचतील?

ठाण्यात परत आलो. मिस्त्री बाकावर मान खाली घालून बसला होता. मी काही न बोलता समोर उभा राहिलो आणि उजवा पंजा वर केला. त्यानं वर पाहिलं. त्याचा हात आपोआप छातीवर गेला. मग तो स्वतःच चमकला, आणि त्याच्या सुरकुतलेल्या तोंडावर हसू पसरलं.

"जिनात जाऊन आले वाटते साहेब."

"हो. आता बकरी सोडा आणि खरं सांगा," मी त्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणालो.

तो बोलला. यावेळी हळू बोलायचा प्रयत्न करत होता, तरी अर्धं ठाणं ऐकत होतं.

"घर पाहून राह्यलो. दोन घरं. समोरासमोर. एक मले, एक चाचा अन् चाचीले. दारात बसलो की तो मले दिसला पाह्यजे अन् मी त्याले. बस, एवढंच पाह्यजे."

"घरी कुणी नाही का?"

"आहे ना! पोरगा शाळेत मास्तर आहे. सून गरम भाकर वाढते. खोटं कायले बोलू? पन मांगच्या पावसाळ्यात न्हानीत पाय घसरला माहा. पोरगा शाळेत, सून इहिरीवर. म्या आवाज देल्ला, पन केवढा देल्ला ते मलेच आयकू येत नाही ना साहेब! कोनाले आयकू गेलं नाही. पडून राह्यलो. समोर चाचा असता, तर मी दिसलो नाही म्हनून पाहाले आला असता." तो तुटक्या बोटांकडे पाहत राहिला. "ज्या रोजी समोर चाचा नव्हता, त्याच रोजी हे बोटं गेले. जिन सुटला, पन ते भेव नाही सुटलं."

"मग लपवलं काहून?" जमादारांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"लोक काय म्हनतीन? मास्तरनं बापाले घराबाहेर काढलं. पोराची मान खाली जाईन. अन् आमच्या गल्लीत चाचाले कोनी घर देत नाही, त्याच्या मोहल्ल्यात मले देत नाही. म्हनून गुपचूप पाहून राह्यलो."

त्या काळी पेन्शनरांच्या कॉलन्या, वृद्धांच्या वसाहती असलं काही आम्ही ऐकलंही नव्हतं. या दोन जिनवाल्यांनी आपली वसाहत आपल्याच डोक्यानं आखली होती. दोन घरांची, मध्ये एक गल्ली.

मिस्त्रीनं हात जोडले. "साहेब, वहीत बकरीच लिहा. पोराले कळू नका देऊ."

"रोजनाम्यात खोटं लिहिणार नाही," मी म्हणालो. "चौकशीत संशयास्पद काही आढळलं नाही, एवढं लिहीन. ते खरं आहे."

पण बाजाराचं गाव. मिस्त्रीला पोलिसांनी नेलं ही बातमी शाळेत पोचायला कितीसा वेळ लागणार? मास्तर धावतच आला, हातावर खडूची धूळ तशीच. पानठेल्यावर त्याला निम्मी गोष्ट कळलीच होती.

"बाबा, घरात काय कमी होतं तुम्हाले?"

"आँ?"

"काय कमी होतं म्हणतो! खायाले नव्हतं? सूनबाई काही बोलली?"

एवढं सगळं ओरडून विचारावं लागलं. बिचाऱ्याची अब्रू भर ठाण्यात मोठ्यानं उलगडत होती. मिस्त्रीनं मान फिरवली. तेवढ्यात पलीकडच्या टोकाहून चाचानं दोन-तीन खुणा केल्या आणि मिस्त्री हसला.

"काय म्हणते तो?" मास्तरनं चिडून विचारलं.

"म्हनते, पोरगा पळत आला, त्याले आंधी चहा पाज."

मास्तर बाकावर बसला. मी खरंच चहा मागवला. कप त्याच्या हातात देऊन विचारलं, "मास्तर, तुमच्या दारात बसलं की समोर काय दिसतं?"

तो जरा गोंधळला. "गोदामाची भिंत."

"बस, तेवढंच कमी आहे."

त्यानं कप बाकावर ठेवला. चहावर साय आली. मग तो बापाजवळ गेला आणि कानाशी म्हणाला, म्हणजे ओरडलाच, "घर मी घेतो! लोक म्हनतीन, मास्तरनं दुसरं घर घेतलं. म्हनू द्या त्यायले!"

मिस्त्रीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. खडूची धूळ उडाली.

पण घर मिळायचं कुठे? इथे मी कामाला आलो, आणि हे मी अभिमानानं सांगतो. दोन मोहल्ल्यांच्या हद्दीवर एक गल्ली होती. एका बाजूला हिंदूंची घरं, दुसऱ्या बाजूला मुसलमानांची. सणासुदीला, मिरवणुकीला आमचा बंदोबस्ताचा पॉइंट तिथेच लागायचा, म्हणून तिचं दार न् दार मला पाठ होतं. तिथली दोन समोरासमोरची कवेलूची, म्हणजे कौलारू घरं कधीची रिकामी पडली होती. हद्दीवर राहायला कोण तयार होणार? दोन्ही बाजूंचे मालक गिऱ्हाईकाची वाट पाहून थकले होते.

मी त्यांना घेऊन गेलो. मिस्त्री इकडच्या ओट्यावर चढला, चाचा तिकडच्या. मिस्त्रीनं पंजा वर केला. चाचानं छातीवर हात ठेवला. मालक किल्ली घेऊन "आत तर पाहा, आत तर पाहा" म्हणत राहिला.

"पाह्यलं," मिस्त्री म्हणाला. "पसंत आहे."

माझी बदली होईपर्यंत त्या पॉइंटवर ड्युटी मागून घेणारे शिपाई मी पाहिले. दोन्ही ओट्यांवरून चहा यायचा, आणि चाचीचा चहा जास्त गोड असायचा. घरफोड्या करणारेही पुढे सापडले. तरणी पोरं होती. कामाच्या निमित्तानं शिरून घरं आतूनच पाहायची.

या प्रकरणात ना गुन्हा होता ना आरोपी, त्यामुळे कामगिरीच्या कागदांत त्याची नोंद नाही. पण पोलिसाला माणूस वाचता येतो, असं जे मी कॉलेजच्या तोऱ्यात समजत होतो, त्याचा खरा धडा मला इथे मिळाला. विचित्र वागणारा माणूस दिसला की त्याचा गुन्हा शोधण्याआधी त्याचा धंदा शोधावा. हात वर्षानुवर्षं जे काम करतात, ते काम सुटल्यावरही हात सोडत नाहीत.

निवृत्त झाल्यावर यवतमाळला घर घ्यायचं ठरलं. दलाल खोल्या, नळ, मोरी यांची यादी सांगत आत शिरला, सौ. त्याच्या मागोमाग गेली. मी ओट्यावरच थांबलो. समोरच्या घरी माझ्याच वयाचा एक गृहस्थ पेपर वाचत होता. मी पंजा वर केला. त्यानं चष्मा वर सरकवून पाहिलं, जरा विचार केला, आणि पेपर मांडीवर ठेवून हात वर केला.

सौ. बाहेर आली. "ओळखीचे आहेत का?"

"अजून नाहीत," मी म्हणालो. "आपण हेच घेऊ."