पाचवा फटका कुणाचा

टायब्रेकरला पाच जण निवडायचे म्हणजे पाच जणांवर विश्वास टाकायचा, असं लोक समजतात. मी उलटं समजतो. मैदानावर दमून बसलेल्या पोरांपैकी कुणाकुणावर विश्वास ठेवायचा नाही हे आधी ठरवायचं, मग उरतील ते पाच. कुणी बुटाची नाडी दोनदा सोडून बांधतो, कुणी तहान नसताना पाणी मागतो, कुणी एकदम बडबडा होतो. ही सगळी बाद. बायको म्हणते, तुमचा स्वभावच संशयी, देवळात गेलात तरी चपलेकडं तोंड करून हात जोडता. जोडतो. माझी चप्पल आजवर गेलेली नाही.

मी आमच्या पेठेच्या संघाचा कोच. कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा असतो आणि पेठेत काहीच झाकून राहत नाही. आमचा सराव उघड्या मैदानावर चालायचा. कडेला बुटकी भिंत, भिंतीवर भेळेचा कागद घेऊन बसलेली माणसं, आणि त्यातली निम्मी पलीकडच्या पेठेतली. भेळ खायला कोण एवढ्या लांब येतं? म्हणून सामना जवळ आला की मी पोरांना पेनल्टीचे फटके मुद्दाम उलट्या पायानं मारायला लावायचो. फटके कुठंही जायचे, भिंतीवरचे हसायचे आणि मला बरं वाटायचं.

आमच्या संघातला सगळ्यात भरवशाचा फटका आमच्या सेंटर फॉरवर्डचा. उजव्या पायानं, गोलीच्या डाव्या हाताला, जमिनीलगत. उलट्या पायाचं नाटक त्याला कधी जमलंच नाही, त्यामुळं त्याचा कोपरा भिंतीवरच्यांनाही पाठ होता. पण पाठ असून अडवता कुणाला येत नव्हता. हा पोरगा माझ्या हाताखाली वाढलेला. त्याच्यावर मी कधी संशय घेतला नव्हता, आणि माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

मग त्याचा साखरपुडा झाला. मुलगी पलीकडच्या पेठेतली. इथवरही चाललं असतं, पण मुलीचा सख्खा थोरला भाऊ त्या संघाचा गोली. लग्न सीझन संपल्यावर धरलेलं, आणि सेमीफायनलला समोर तीच पेठ.

पेठेत कुजबुज सुरू झाली. ‘पोरगं गेलं की हातातनं,’ असं म्हातारे माझ्या तोंडावर म्हणायला लागले. मी त्यांना गप्प केलं, पण माझ्या डोक्यातला किडा गप्प बसेना. सामन्याआधी एका सकाळी दूध कट्ट्यावर गेलो, तर हे दोघं होणारे मेव्हणे धारोष्ण दुधाचे पेले घेऊन उभे. मी म्हशीच्या आडोशाला थांबलो. शब्द ऐकू येत नव्हते. गोली हातानं काहीतरी दाखवत होता, आधी डावीकडं, मग उजवीकडं. म्हशीनं शेपूट मारली, मी खोकलो, आणि दोघांनी माझ्याकडं बघून बोलणं तोडलं.

‘या सर, दूध घ्या,’ गोली म्हणाला.

‘काय चाललंय?’

‘काय न्हाई सर. मांडव कुठल्या अंगाला घालायचा, त्ये बघालतो.’

मांडव! पाणी कुठंतरी मुरतंय हे मला तिथंच कळलं.

सामना बरोबरीत सुटला. आमचा सेंटर फॉरवर्ड जीव तोडून खेळला, पण त्याचं एक हेडर बारवरून गेलं आणि ते मी विसरलो नाही. टायब्रेकर जाहीर झाला तसा तो सरळ माझ्यापाशी आला.

‘सर, मला घेऊ नगासा.’

‘का?’

‘असंच. दुसऱ्या कुणाला पन घ्या.’

‘पाय दुखतोय?’

‘न्हाई.’

‘मग?’

तेवढ्यात जाळीपलीकडनं एक जण ओरडला, ‘त्याला नगो, सर! तिकडचा जावई हाय त्यो!’ दुसरा त्याच्यावर ओरडला, ‘त्याला न्हाई तर कुणाला, तुझ्या बाला?’ मला काही सुचेना. त्याला वगळावं तर भरवशाचा पाय जातो. घ्यावं तर पाय भरवशाचा आणि मन कुणाचं, कोण सांगणार? आणि जो स्वतःहून नको म्हणतो, त्याच्या पोटात काहीतरी असतंच. मग मी माझ्या मते मोठी हुशारी केली. त्याला पाचवा ठेवला. निकाल बहुतेक आधीच लागेल, त्याच्यावर वेळच येणार नाही, आणि उद्या कुणी म्हणायला नको की मी त्याला वगळलं. त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीच नजर वळवली.

वेळ आली. दोन्हीकडचे चार-चार गोल झाले, त्यांचा शेवटचा फटका बाहेर गेला, आणि आमचा शेवटचा फटका त्याचा. घातला तर आम्ही फायनलला.

त्यानं चेंडू ठेवला. समोर होणारा मेव्हणा. पोरगा धावला आणि मारला तो त्याच कोपऱ्यात, जो अख्ख्या भिंतीला पाठ होता. गोली हललाच नाही. तो जागेवर उभा राहिला आणि चेंडू जाळीत गेला.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, मी धोतरातल्या म्हाताऱ्यांना मिठ्या मारल्या. हलगी वाजली, गुलाल उडाला. आणि त्या गुलालातच माझ्या मनात आलं, हा गोली हलला का नाही?

समोरच्या गॅलरीलाही तेच कोडं पडलं होतं. तिथनं बाटल्या यायला लागल्या. ‘दाजीला सोडला, दाजीला!’ संध्याकाळपर्यंत तो फटका स्लो मोशन व्हिडिओत सगळ्यांच्या स्टेटसला होता. मीही बघितला, कितीदा ते सांगत नाही. गोलीचे डोळे चेंडूवर होते की पोराच्या तोंडावर, काही कळत नव्हतं.

त्यांच्या संघानं गोलीला काढून टाकलं. त्याच्या दारात माणसं जाऊन उभी राहिली आणि नको ते बोलली. पुढच्या आठवड्यात मुलीच्या वडलांनी निरोप धाडला, ही सोयरीक आम्हाला झेपणार नाही. आमच्या पेठेतनं समजूत घालायला दोघे-तिघे गेले, त्यांना उंबऱ्याच्या आत कुणी घेतलं नाही.

पोरगा त्यानंतर एकदाच माझ्या घरी आला. मी बस म्हटलं, तो बसला नाही.

‘सर, मी चुकलो असतो तर तुम्ही म्हणला असता, इकला गेला. घातला तर त्ये म्हननार, त्यानं सोडला. ह्ये मला म्हाईत हुतं. म्हनून तर म्हनलं, घेऊ नगासा.’

‘मग तेव्हाच का बोलला नाहीस?’

‘बोललो असतो तर तुम्हाला पटलं असतं व्हय?’

बायको दारात उभी होती. ती पदरानं डोळे पुसायला लागली. मलाही वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. चांगली पोरगी होती, साखरपुड्यात मला वाकून नमस्कार केला होता तिनं. पण तो चपला घालायला वळला आणि मला राहवलं नाही.

‘एक खरं सांग. त्यानं सोडला काय?’

तो थांबला. ‘माझं लगीन मोडलं, तरी मी त्याला ह्ये इचारलं न्हाई, सर. तुम्ही सामना जिकलासा आनि इचाराय लागलासा.’

एवढं बोलून तो गेला. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं. पण हो किंवा नाही, असं सरळ काही तो बोलला नाही.