सरांना ऐकवलेली सिद्धता

सरांची नजर गेली त्याच वर्षी माझी सिद्धता पूर्ण झाली, याचा मला अजून राग येतो. गणितातला प्रश्न मूळचा त्यांचा. अर्धं आयुष्य घातलं त्यांनी त्यात, आणि सुटला तेव्हा वाचायला डोळे नाहीत! तज्ज्ञांनी तपासली, छापून आली, सगळ्यांनी पेढे मागितले. सरांनी मात्र फोनवर बजावलं, "मले पटल्याबिगर सुटला म्हणू नको."

म्हणून रविवारी शहराच्या टोकाला, बेसा भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर गेले आणि वाचून दाखवायला बसले. दुसऱ्याच पानावर गाडी अडली.

"हा एन कोण वं? कुठून टपकला?"

"सर, पहिल्या पानावर सांगितलं की!"

"पहिलं पान मले दिसून राहिलं का?"

मी चिडले, तेही चिडले. काकूंनी मध्येच सरबत आणलं म्हणून निभावलं. निघताना सर हळूच म्हणाले, "मलेच जमून नाही राहिलं आता."

जमत नाही म्हणजे काय? मला गणित शिकवलं कोणी? घरी आल्या आल्या सगळं नव्याने लिहायला घेतलं. 'वरीलप्रमाणे' हा शब्द आधी हाकलला. ऐकणाऱ्याला कसलं आलंय वर आन् खाली! कुठे निघालोय ते प्रत्येक टप्प्याला आधीच सांगून टाकलं. अक्षरांना नावं दिली. सगळ्यांची वाट अडवणाऱ्या त्या एनचं नाव ठेवलं आडमुठी. एक फार हुशारीची उडी होती, माझी लाडकी. ती काढून तिथे साध्या पायऱ्या घातल्या. जिवावर आलं होतं, खरं सांगते.

पुन्हा गेले तेव्हा एप्रिल तापला होता. नीट ऐकू यावं म्हणून सरांनी कूलर बंद करायला लावला. मी घामाने निथळत वाचत होते, ते डोळे मिटून बोटाने मांडीवर काहीतरी गिरवत होते. आडमुठी आली तेव्हा खुदकन हसले.

शेवटच्या टप्प्याच्या तोंडाशी त्यांनी हात वर केला. सर अडले पुन्हा!

"थांब वं," सर म्हणाले. "पुढचं मी सांगतो."

आणि सांगितलं की हो, पार शेवटपर्यंत. मी कागद बाजूला ठेवून नुसती ऐकत राहिले. डोळे कधी वाहायला लागले, कळलंच नाही.

"काहून रडून राहिली?" सर घाबरले. "चुकलं का माझं?"

"नाही सर. माझ्यापेक्षा सोपं सांगितलं तुम्ही."