बिनलेबलचे दोन कॅन

अन्याय झाला तो माझ्या शेजारच्या काकूवर. गेल्या श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, दुपारी सव्वातीनला, बोईसरजवळच्या सरावलीत, तिच्या एका खोलीच्या घरात.

काकू मूळची चिंचणीची. बांधकामावर उरलेले शहाबादी फरशीचे तुकडे एक कंत्राटदार गोणीतून आणून द्यायचा. ती ते धुऊन रंगवायची. पुढे शहरात कुणीतरी ते जुळवून नावाच्या पाट्या नि ट्रे बनवायचं. शहाबादी दगड सहजी रंग धरत नाही. आधी अ‍ॅसिडनं खरखरीत करायचा, डाग उरले तर ब्लीचच्या पाण्यात टाकायचा. दोन्ही कंत्राटदारच द्यायचा, एकसारख्या पांढऱ्या कॅनमध्ये. लेबल? एकावरही नाही.

त्या दुपारी मी तिला निळा रंग कालवून देत होते. टबात अ‍ॅसिड कमी पडलं म्हणून तिनं हाताला लागला तो कॅन ओतला. तो ब्लीचचा होता.

घशात काटे रुतले. डोळे उघडेनात.

काकू ओरडली, “कंपनीनं गॅस सोडला बघ परत! दार लाव गो, खिडकी लाव!”

आणि मी लावली. बोईसरच्या रासायनिक कारखान्यांचा वास आला की आम्ही हेच करतो. ‘गॅस सुटला तर दारं-खिडक्या लावा’ असं पत्रक मीच गल्लीत वाटलं होतं. मी कडी घातली, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. काकू खोकत खोकत हसली, “पत्रकवाली हाय ना घरात, मला काय नाय होत.”

मग ती भिंतीला धरून खालीच बसली. तोंड उघडं, आवाज नाही. टबावर पिवळट धूर होता. तेव्हा कळलं, वास बाहेरचा नाही, अ‍ॅसिडमध्ये ब्लीच पडून विषारी क्लोरीन सुटलाय. मी गॅस आत कोंडला होता. कडी सापडेना. सापडली तर टॉवेलनं दार अडलेलं. त्या क्षणी मला काकू आठवलीसुद्धा नाही, फक्त मी मरणार एवढंच. दार निघालं, मी एकटीच बाहेर पडले, आणि मग तिला ओढून काढायला परत आत गेले. हेही लिहायलाच हवं.

काकू वाचली. हंडा उचलला की अजून धाप लागते. कंत्राटदार दवाखान्यात येऊन म्हणाला, “वाचून वापरायचं ना, मावशी!” काय वाचायचं? कोरा कॅन?

परवा पलीकडच्या गल्लीत त्याचा टेम्पो उभा होता. पुन्हा तेच पांढरे कॅन. तिथल्या बायकांचीही दारं वास आला की बंदच होतात. मी दारोदार जाऊन सांगितलं: हे दोन कॅन एकत्र ओतू नका, वास घरातला असेल तर आधी दार उघडा.

आता तुम्ही. रंगीत दगडांची वस्तू हातात घ्याल तेव्हा दुकानदाराला विचारा: हे कशानं धुतलं, कुणी धुतलं, कॅनवर लेबल होतं का? उत्तर नसेल तर ती तिथेच ठेवा.