विटाळलेले हात

आईला दुसरा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. बोलणंही जवळजवळ गेलं. मागे उरले पाच-सात शब्द: पाणी, नको, दुखतं, दादाचं नाव, आणि सगळ्यांत जास्त वेळा, हात. डॉक्टर म्हणाले, शब्द डोक्यात आहेत, तोंडापर्यंत पोचत नाहीत, धीर धरा. मी धीर धरणारी बाई नाही. इंदुरात पलासियाला एका कोचिंग क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. तिथे पोरांचा प्रश्न अर्धा झाला की माझं उत्तर सुरू होतं.

घरात आम्ही दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, मी लग्न केलं नाही, दादा बंगलोरला. पणजोबा दरबारात कारकून होते, त्यांचं स्नेहलतागंजचं घर पाडून बिल्डिंग झाली आणि तिच्यात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आमच्याकडे आला. मी दिवसभर बाहेर, म्हणून एजन्सीकडून नर्स ठेवली.

पन्नाशीची, सडसडीत, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा. तिचं मराठी आमच्या इंदुरी मराठीपेक्षा साफ होतं. मी विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"महूच्या. आजोबा नगरकडचे. मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले, ते इथलेच झाले."

'मिशन' हा शब्द मी नीट लक्षात ठेवला.

दादाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "काम चांगलं करते ना? मग ठेव. पण नजर ठेव. आजारी माणूस दिसला की हे लोक बरोबर गाठतात."

 माझ्याही मनात तेच होतं.

काम ती उत्तम करायची. आईची पाठ एकदा लाल झाली नाही. केस विंचरलेले, चादर ताणलेली, खोलीला दवाखान्याचा वास नाही. पण आठवड्याभरात एक गोष्ट माझ्या डोळ्यांवर आली. आई "हात" म्हणाली की सिस्टर लगेच एका तसराळ्यात कोमट पाणी आणायची आणि आईचे दोन्ही हात धुवायची. नुसतं खळबळून नाही, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत, सावकाश. तेव्हा तिचे ओठ हलायचे. दिवसातून दहादा, कधी पंधरादा.

"इतक्या वेळा कशाला?" मी विचारलं.

"आई मागतात, ताई."

"त्यांना सवय लागेल."

"सवय जुनी आहे त्यांची," ती म्हणाली आणि टॉवेल वाळत घालायला गेली. हिला कसं ठाऊक? मला राग आला.

तिच्या पिशवीत एक छोटी बाटली असायची. धुऊन झालं की त्यातले चार थेंब ती आईच्या तळव्यांवर टाकायची. एकदा ती खाली औषधं आणायला गेली असताना मी बाटली काढून हुंगली. गुलाबपाणी आणि ग्लिसरीन. बूच लावून परत ठेवली. पण एकदा संशय धरला की बाटलीत काय आहे याने फारसा फरक पडत नाही. गुलाबपाण्यावरही काही म्हणता येतंच की, असं मी स्वतःलाच म्हटलं. समोरच्या काकूंना सांगितलं, तर त्या दारातच थबकल्या. "पानी छिड़कते का? अगं, मग सीधी बात आहे! माझ्या भाच्याच्या ऑफिसात एकाची वाइफ अशीच... तू कॅमेरा बसव."

मी कॅमेरा बसवला. कपाटावर, औषधांच्या खोक्यांमागे. मोबाइलवर दिसायचं. दोन लेक्चरांच्या मध्ये मी स्टाफरूममध्ये चहा घेत माझ्याच घरावर पाळत ठेवायची. खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस मला त्यात एक प्रकारचं समाधान वाटलं. मी काळजी घेतेय असं वाटायचं.

एका दुपारी पाहिलं तर आईचे हात पाण्यात होते आणि ती रडत होती. ओठ वाकडे करून, लहान मूल रडतं तशी. सिस्टर तिच्याजवळ वाकून बोलत होती. मी आवाज वाढवून मोबाइल कानाला लावला. पंख्याच्या घरघरीतून तुकडे ऐकू आले. "...मेलेली होती ती मुलगी... सगळे म्हणाले, शिवू नका... प्रभूने तिचा हात हातात घेतला..."

मी पुढचं लेक्चर सोडलं आणि ऑटो करून घरी आले. दार उघडलं तेव्हा सिस्टर तसराळं मोरीत रिकामं करत होती.

"काय चाललंय हे माझ्या घरात?"

ती वळली. माझ्या हातातला मोबाइल तिने पाहिला, मग तिची नजर सरळ कपाटावर गेली. पुढचं सगळं बोलणं तिने त्या कपाटाकडे बघतच केलं.

"आईंनी विचारलं म्हणून सांगितलं."

"आईला बोलता येत नाही!"

"येतं, ताई. वेळ लागतो. तुम्ही त्यांचा शब्द संपायच्या आत पुरा करता. पा म्हणाल्या की पाणी आणता. त्यांना पाणी नको असतं, पाळणा म्हणायचं असतं."

"कसला पाळणा? आमच्याकडे शेवटचा पाळणा माझाच. आजारी माणसाच्या डोक्यात काय भरवताय तुम्ही? धर्मांतराची हल्ली पोलिसांत कंप्लेंट होते, माहितीये ना?"

"माहितीये," ती म्हणाली. आत जाऊन तिने आईच्या कपाळावर हात ठेवला, पिशवी घेतली आणि गेली. आई "नको, नको" म्हणत होती. ते मला उद्देशून आहे असं मी धरलं नाही.

कंप्लेंट मी केली नाही. पण काकूंना सांगितलं, आणि काकूंनी ते बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी एजन्सीला फोन केला होता. एजन्सीने तिला कामावरून काढलं. हे मला चार दिवसांनी कळलं. मी म्हटलं, हे मी थोडंच सांगितलं होतं.

नवी मुलगी आली. ती हात धुवायची नाही, मीच तशी सूचना दिली होती. आईने डाव्या हाताने उजवा चोळायला सुरुवात केली. चादरीवर, पलंगाच्या कडेवर, नंतर नखांनी. आठवड्याभरात उजव्या हाताची मागची कातडी सोलवटली. मी मलम लावलं, हातमोजा घातला. तिने तो दातांनी काढला.

रविवारी मी नव्या मुलीला सुट्टी दिली आणि आईजवळ खुर्ची ओढून बसले. ती म्हणाली, "हात." मी म्हटलं, "हाताचं काय?" आणि गप्प राहिले. फार अवघड होतं ते. दर शब्दाला माझी जीभ पुढे धावायची आणि मी ती दातांखाली धरायची. तासाभरात तिने मला दिलं ते एवढंच: "पा...ळणा. मुलगी. धरून. गार. विटाळ."

मी देवासच्या मावशीला फोन लावला. आईची धाकटी बहीण, आईच्या पहिल्या बाळंतपणात सोबतीला आलेली, तेव्हा जेमतेम बारा वर्षांची.

विचारलं, पाळण्यातली ती मुलगी कोण? मावशीने उलट विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"आईने."

"दादाच्या आधी एक मुलगी झाली होती गं. नवव्या दिवशी गेली. सकाळी बघतो तर ताई तिला धरून बसलेली. लेकरू गार पडलेलं, आणि ही सोडेना. बोटं एकेक करून उकलावी लागली. मग तिला मोरीत बसवलं. थंडीचे दिवस, आणि बादलीवर बादली. तुझ्या वडिलांच्या आत्याचं घरात चालायचं. ती म्हणाली, मढं धरून रात्र काढलेले हात हे, यांचा विटाळ पाण्याने जात नाही. पुढचं मूल या हातांत द्यायचं नाही."

"आणि दादा झाला तेव्हा?"

"आत्याने वाढवला. पाजायच्या वेळी मांडीवर आणून ठेवायची आणि झालं की उचलायची. ताईने हात लावायचा नाही. दोन वर्षं. आत्या गेली, मग तू झालीस."

लहानपणी आम्हाला जवळ घेण्याआधी आई साबणाने हात धुवायची. मी वर्गात ते उदाहरण म्हणून सांगत आले होते. माझी आई फार शिकलेली नव्हती, पण तिला स्वच्छतेचं महत्त्व कळत होतं, असं.

दुसऱ्या दिवशी मी महूला गेले. एजन्सीतल्या एका मुलीने पत्ता दिला होता. सिस्टरचं घर दोन खोल्यांचं, दारात तुळस नव्हती, मोगरा होता. तिने मला आत घेतलं, पण बसायच्या आधी म्हणाली, "मोबाइल बंद करून इथे टेबलावर ठेवा. पिशवी पण."

मी दोन्ही ठेवलं. तिने मोबाइल बंद असल्याची खात्री करून घेतली. मला ते लागलं, आणि लागायचं काही कारण नाही हेही कळत होतं.

मी माफी मागितली. एजन्सीशी बोलते म्हटलं. ती म्हणाली, "नको. मला एका म्हाताऱ्या आजींकडे काम मिळालंय, ओळखीतून. तिथे कुणी विचारत नाही." मग थांबून, "अजून तरी."

"तुम्ही आईला नेमकं काय सांगितलं होतं?"

"का विचारता?"

"तिचा हात सोलून निघालाय. मला काहीच जमत नाहीये."

ती माझ्यासमोर बसली. मग बोलली. "आमच्या जुन्या शास्त्रात पण तुमच्यासारखंच होतं, ताई. मढ्याला शिवलं की सात दिवस विटाळ. तांबडी गाय जाळायची, तिची राख वाहत्या पाण्यात कालवायची, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी अंगावर शिंपडायची. मग माणूस शुद्ध."

"गाय? आईला हे सांगितलंत?"

"एवढी अक्कल आहे मला. राखेचं पाणी म्हटलं फक्त. आईंनी पाच बोटं दाखवली, मग दोन, आणि म्हणाल्या, बस? सातच दिवस? त्यांच्या हिशेबाने पन्नासच्या वर वर्षं झाली होती. मग मी सांगितलं, त्या राखेने अंग शुद्ध व्हायचं. आत जे बसतं ते राखेने जात नाही, पाण्यानेही नाही. त्यासाठी प्रभू ख्रिस्त आला. एक लहान मुलगी मेली होती, त्याने तिचा हात धरला. रीतीप्रमाणे विटाळ त्याला लागायला हवा. झालं उलटं. त्याचं जिवंतपण तिला लागलं, ती उठून बसली. आणि पुढे मरण त्याने स्वतःच्याच अंगावर घेतलं. तेव्हापासून मरणाला शिवल्याचा डाग कुणी मनावर बाळगायचं कारण नाही. आम्ही असं मानतो."

"आणि आईनेही मानावं असं तुम्हाला वाटत होतं?"

मला वाटलं ती नाही म्हणेल. तिचं नाही ऐकायला मी उत्सुक होते, म्हणजे मला हलकं वाटलं असतं.

"मी प्रार्थना करत होते, ताई. हात धुताना, रोज. माझ्या प्रभूला सांगत होते, या बाईचे हात स्वच्छ आहेत हे तिला कळू दे. त्याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. मी खोटं बोलणार नाही."

त्यावर काय म्हणायचं ते मला तेव्हा ठरवता आलं नाही, अजूनही येत नाही. तिला परत यायची विनंती केली. ती म्हणाली, "तुमच्या जिन्यात पाय ठेवणार नाही मी. तुम्हीच सांगा त्यांना. तुम्ही शिकवता ना?"

घरी येऊन मी बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं की सिस्टरबद्दल माझा गैरसमज झाला होता, चूक माझी. दोघांनी अंगठ्याची इमोजी टाकली. काकूंनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाळलं, आणि मला वाटतं तिसऱ्या दिवसापासून माझ्यावरच नजर ठेवायला लागल्या.

कॅमेरा काढला. तसराळ्यात कोमट पाणी घेतलं आणि आईला समजावलं की नऊ दिवसांची बाळं जातात त्याची कारणं काय असतात, त्यात हातांचा दोष नसतो, गार पडलेल्या अंगातून हातांना काही चिकटत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, परीक्षेत न येणारा धडा पोरं ऐकतात तसं. मग म्हणाली, "सिस्टर. गोष्ट."

मी देवाधर्माची फारशी नाही, आणि हा तर माझा देवही नाही. तरी सांगितली. अडखळत, मध्येच विसरत, आपण हे काय करतोय अशी शंका मनात धरून. मेलेल्या मुलीचा हात त्याने धरला इथपर्यंत आले तेव्हा आईने पाण्यातून डावा हात काढला आणि माझं मनगट पकडलं. न पुसता, ओल्या हातानेच. सोडलं नाही बराच वेळ.

हात मागणं थांबलं नाही, पण कमी झालं. कातडी भरून आली. सिस्टर जे मागत होती ते घडलं का, की गोष्ट ऐकण्यातच काही होतं, मी सांगू शकत नाही. थंडी संपता संपता आई गेली, सकाळी, मी तिला चहा पाजत असताना.

दादा आला. दहा दिवसांचं सुतक, आम्ही दोघं एका खोलीत, येणारे दारातूनच बोलून जायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याने विचारलं, "त्या नर्सने शेवटी काही केलं नव्हतं ना? खरं सांग."

मी त्याला सगळं सांगितलं. मुलगी, मोरी, आत्या, त्याची दोन वर्षं. त्याने मध्ये एकदाही टोकलं नाही. मग खाली बघत म्हणाला, "मला नेहमी वाटायचं, तिला मी नको होतो. तू झाल्यावर तुला सारखी घेऊन बसायची. किती वेळ, ते मी मोजायचो." साठीला आलेला माझा भाऊ भिंतीला टेकून रडायला लागला आणि मी त्याच्याजवळ सरकले.

तेराव्याला त्याने सिस्टरचा पत्ता मागितला. मी कागदावर लिहून दिला. तो दोन दिवस जास्त राहिला, एक दुपारभर गाडी घेऊन कुठे तरी गेला होता. कुठे ते मी विचारलं नाही.