एक साइज लहान

ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, साखर वाढल्याचं कळलं तेव्हा डॉक्टरांनी रोज घाम येईल असा व्यायाम करायला सांगितलं. चालायचा ह्यांना कंटाळा. अमरावतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणारा हा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर सायकल घेऊन घरी आला. मला बरं वाटलं. सकाळी सायकल चालवणारा एक गट ह्यांना भेटला. लांब जायचं तर आतून गादी शिवलेली सायकलची शॉर्ट्स घ्या, असं त्या लोकांनी सांगितलं.

दुकानदाराने ह्यांच्या कमरेकडे पाहून एक्सएल काढली. ह्यांनी ती परत सरकवली.

"लार्ज द्या. मले लार्जच लागते."

"सर, सायकलवर बसता तसं वाकून पाहा. उभ्यानं समजत नाही."

हे पोट आत ओढून आरशासमोर उभे राहिले. मांडीच्या रबरी पट्टीवर मांस फुगून आलं होतं. कापडही जाड, थंडीत चालेल असं.

"अहो, रुतून राहिली ना," मी म्हटलं. "अन् उन्हाळा तोंडावर आहे."

"सायकलची चड्डी घट्टच असते. तुले काय समजते त्यातलं?"

तीच घेतली. आत दुसरं काही घालू नका, असं दुकानदाराने सांगितलं होतं. पण नुसती ती घालून लोकांत जायची ह्यांना लाज वाटायची. आत रोजची सुती चड्डी, मग ही, आणि वरून ढगळी हाफपँट.

एप्रिलमधल्या एका रविवारी गट तीसेक किलोमीटरवरच्या मोझरीला गेला. जाताना गारवा होता. परतताना ऊन चढलं. हे घरी आले ते पाय फाकवून चालत. बराच वेळ न्हाणीघरातून बाहेर आलेच नाहीत. कपडे भिजवताना सुती चड्डीच्या शिवणीवर मला रक्त दिसलं.

"काई नाई. घासलं थोडं," हे म्हणाले. "पावडर लावली."

पुढच्या रविवारी पुन्हा गेले. मी अडवलं, तर "कावून मागे लागली?" म्हणून ओरडले. मग ताप आला. कॉलेजातून लवकर घरी येऊ लागले. जेवायला पाटावर बसेनात. अंगाला एक वास यायला लागला. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि म्हटलं, "दाखवा." हे भिंतीकडे मान वळवून उभे राहिले. जांघेतली कातडी काळी पडली होती, भोवती सूज पार मांडीपर्यंत.

माझी बहीण अकोल्याला नर्स आहे. तिला फोन केला. "गाडी करा अन् आत्ताच्या आत्ता घेऊन या," ती म्हणाली. तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, "इतके दिवस कोणालाच का नाही दाखवलं?"

"कोणाले दाखवणार? जागाच तशी," हे हळूच म्हणाले.

साखर खूप वाढलेली, जंतू आत शिरलेले. सडलेलं मांस कापून काढावं लागलं. काही दिवसांनी पुन्हा कापलं. रोज पट्टी बदलताना हे चादर तोंडात धरायचे. मी बाहेरच्या बाकावर बसून ह्यांचं दबलेलं कण्हणं ऐकायची. अकोल्यात वाढलेली असूनही त्या मे महिन्यातलं ऊन मला सोसेना.

हे वाचले. पण जिथून मांस काढलं तिथली कातडी ओढते, फार वेळ बसता येत नाही. नोकरी सोडली. जेवण उभ्याने, वाचन कुशीवर पडून. उठताना मी हात दिला, तर झटकायचे. सायकलचा विषय घरात निघत नसे.

या वर्षी माझीच साखर सीमेवर आली. मी सायकल चालवायचं ठरवलं आणि एकटीच दुकानात गेले. पातळ, हवा खेळणारं कापड निवडलं. आतून बोट फिरवून शिवणी सपाट आहेत का ते पाहिलं. दुकानातल्या सायकलवर वाकून बसले, पाय फिरवले. कमरेला काचलं नाही, मांडीवर वळ उठला नाही, गादी जागची सरकली नाही. अशी नीट बसणारी साइज माझ्या अंदाजापेक्षा मोठी निघाली. तीच घेतली.

घरी पिशवी कपाटात ठेवत होते. ह्यांनी पलंगावरून पाहिलं.

"मोठी घेतली ना?"

"हो."

मग म्हणाले, "कुठं घासलं, दुखलं, तं मले सांगजो. लाजू नको."

मी हो म्हटलं. हे उशीचा आधार घेऊन उठायला लागले. मी हात पुढे केला. या वेळी ह्यांनी तो धरला.